निबंधातलं मानपान

आमच्या भागात कुणी रिटायर झालं, कुणाची मुलगी फौजदार झाली, कुठल्या शाळेला नवी कमान बसली की माईक माझ्या हातात येतो. मी सूत्रसंचालन करते. पगार मिळतो तो भूगोल शिकवायचा, बीडच्या एका कॉलेजात, पण नेकनूरच्या बसस्टँडवर मला भूगोलासाठी कुणी ओळखत नाही. तिथं मी ‘त्या माईकवाल्या मॅडम’. देवानं आवाज भरपूर दिला आणि लाज जरा कमी दिली, त्यामुळं हे काम मला झकास जमतं.

या कामात एकच गोष्ट सांभाळायची असते. कुणाचं नाव राहता कामा नये. व्यासपीठावर बसलेले, पहिल्या रांगेत बसलेले, मांडवाच्या खांबाला टेकून उभे असलेले, आणि जे आलेले नाहीत पण ‘निघालेत’ असा फोन आलाय ते, सगळ्यांना मान द्यायचा. लिंबागणेशला एका कार्यक्रमात माझ्याकडून माजी सरपंचांच्या व्याह्यांचं नाव राहिलं. ते न जेवता उठून गेले आणि अजून रस्त्यात भेटले तर दुसरीकडं बघतात. तेव्हापासून मी सगळ्यांची नावं आधी घेते, मग परत एकदा घेते, आणि कार्यक्रम कशाचा आहे ते वेळ उरला तर सांगते.

अशा बाईला परदेशातल्या विद्यापीठाचा इंग्रजी लेखनाचा ऑनलाइन कोर्स करायला लावणं हा खरं तर त्या विद्यापीठावर अन्याय होता. पण ते घडलं, आणि माझ्या पीएचडीमुळं घडलं.

माझी पीएचडी इतकी वर्षं चाललीय की सासूबाईंना तो एखादा जुनाट आजार वाटतो. पाहुणे आले की त्या आवाज खाली आणून सांगतात, “तिचं ते पीएचडीचं हाय न्हवं, आजून बरं न्हाई झालं.” पाहुणे माझ्याकडं कीव येऊन बघतात. पण गंमत बाजूला ठेवली तर प्रकरण गंभीर होतं. पीएचडी झाली तरच कॉलेजात मी कायम होणार होते, आणि नोंदणीची मुदत संपत आलेली. मुदतवाढीच्या अर्जावर माझ्या मार्गदर्शक सरांची सही लागत होती. सरांची अट एकच. इंग्रजीत एक धड शोधनिबंध लिहून दाखव, मग सही.

“तुझं इंग्रजी वाचलं की मला लग्नपत्रिका वाचल्यासारखं वाटतं,” सर म्हणाले. “खाली आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं, तेवढंच लिहायचं राहिलंय.” त्यांनीच तो कोर्स शोधून दिला. कोर्सचा शेवटचा निबंध स्वतःच्या संशोधनावर लिहायचा होता. तो पास झाला की तोच सरांच्या हातात द्यायचा आणि सही घ्यायची, असं ठरलं.

नेकनूरला आमच्या घरात रेंज फक्त गच्चीवर येते, पाण्याच्या टाकीजवळ. सकाळी स्वयंपाक उरकला की मी टाकीला पाठ लावून बसायची आणि मोबाइलमधल्या गोऱ्या बाईंचं ऐकायची. बाई स्वभावानं चांगल्या होत्या, पण पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला छळलं. म्हणाल्या, मला नावानं हाक मारा. आता वयानं मोठी बाई, त्यात शिकवणारी, तिला नावानं हाक कशी मारायची? नवऱ्याला सुद्धा मी ‘अहो’ म्हणते. मेल लिहायला बसले की माझी बोटं त्यांच्या नावावर अडायची. ‘रिस्पेक्टेड मॅडम’ लिहिलं की त्या प्रेमानं दटावायच्या. शेवटी मी वरती काहीच लिहायचं बंद केलं. माझे मेल थेट मुद्द्यावर येतात म्हणून बाईंनी माझं कौतुक केलं. त्या कोर्समध्ये मला मिळालेली ती पहिली शाबासकी.

पहिला निबंध होता आपल्या गावातल्या पाण्याच्या प्रश्नावर. मी जीव ओतून लिहिला. सुरुवातीला पाण्याचं महत्त्व, मग या विषयावर लिहायची संधी दिल्याबद्दल विद्यापीठाचे आभार, मग आमच्या प्राचार्यांचे, संस्थेच्या अध्यक्षांचे आणि सचिवांचे. सचिवांना वगळलं असतं तर त्यांना कळलं असतं, कसं ते विचारू नका, आमच्याकडं कळतं. मग मराठवाड्याच्या थोर परंपरेचा एक परिच्छेद. आणि शेवटच्या परिच्छेदात बोअर आटलेत, हे.

बाईंनी खाली लिहिलं होतं, स्वागत समारंभ सुंदर झाला, निबंध कधी येणार आहे?

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. खाली येऊन मी नवऱ्याला ते वाचून दाखवलं. आमच्या ह्यांचं खतं-बियाण्यांचं दुकान आहे, गिऱ्हाइकाचं ऐकून घ्यायची सवय असल्यानं ते शांतपणे ऐकतात आणि शेवटी मीठ चोळतात. म्हणाले, “बरोबर हाय की. परवा त्या कमानीच्या उद्घाटनाला कमान दिसायच्या आत अंधार पडला होता.” मी त्या दिवशी त्यांना वरण अळणी वाढलं.

बाईंचं म्हणणं असं की तुमचं मत पहिल्या परिच्छेदात आलं पाहिजे. मत आधी, पुरावे नंतर, आभार वगैरे नकोतच. मला हे फार उद्धट वाटायचं. आमच्याकडं कुणाच्या घरी काम घेऊन गेलं तरी आधी पाऊसपाणी, मग पोरंबाळं, मग चहा, आणि चपला घालता घालता ‘ते जरा एक काम होतं’ असं म्हणायचं असतं. आल्या आल्या काम सांगणाऱ्याला लोक काय म्हणतात ते मला माहीत आहे, आणि इंग्रजीत हे कोर्सवाले माझ्यासारखीकडून तेच मागत होते.

मग एक धडा मात्र माझ्या मनासारखा आला. अभ्यासाच्या लेखनात ठाम बोलू नये, ‘कदाचित’, ‘असं दिसतं’, ‘शक्यता आहे’ असे शब्द वापरून जरा मऊ बोलावं, असं बाईंनी शिकवलं. मला वाटलं, आली एकदाची माणसं वळणावर. इतके दिवस मला कुठल्या परीक्षेत हे विचारलं असतं तर मी पहिली आले असते. पुढचा सराव मी असा लिहिला की डोंगरावर कदाचित काही प्रमाणात मेंढरं चरत असावीत अशी शक्यता नाकारता येत नाही असं दिसू शकतं. बाईंनी विचारलं, मेंढरं आहेत की नाहीत? मी लिहिलं, आहेत, आमच्याच घरची आहेत. बाई म्हणाल्या, मग आहेत असं लिहा.

ही मेंढरं म्हणजेच माझं संशोधन. माझं माहेर धारूरच्या डोंगरात, आमचा पिढीजात धंदा मेंढरांचा. आबा, म्हणजे माझे वडील, अजून कळप घेऊन हिंडतात. शेतकरी बोलावतील त्यांच्या रानात रात्रीला मेंढरं बसवायची, लेंड्यांचं खत त्यांना, धान्य आपल्याला, आणि मग पुढं निघायचं. माझा प्रश्न साधा होता. अशी येऊन पुढं जाणारी मेंढरं डोंगराच्या गवताचं काय करतात? डोंगरावर मी काट्याचं कुंपण घालून काही चौकोन बंद केले होते आणि शेजारचे उघडे ठेवले होते, आणि सुट्टी मिळेल तशी जाऊन गवत मोजत होते. कळपाला कळलं असतं की ही बाई हातात माईक नसताना इतका वेळ गप्प बसते, तर कळपाला पण आश्चर्य वाटलं असतं.

अडचण अशी होती की याच प्रश्नाचं उत्तर सरांनी आधीच देऊन ठेवलेलं. सरांचं डोंगरावर एक मोठं पुस्तक आहे, सगळे त्याला ग्रंथ म्हणतात. त्यात सरळ लिहिलंय की या डोंगराचं गवत मेंढरांनी संपवलं. त्या ग्रंथाच्या प्रकाशनाला सूत्रसंचालन अर्थात मीच केलं होतं. ‘अनमोल’ हा शब्द मी त्या दिवशी इतका वापरला की पुढच्या रांगेतली पोरं मोजायला लागली. आतली पानं मात्र मी पुढं पीएचडीचा विषय ठरल्यावर उघडली.

आणि माझे चौकोन उलटंच सांगत होते. जिथं मेंढरं येऊन पुढं गेली तिथं गवताच्या जाती जास्त. कुंपणाच्या आत नुसती कुसळं माजलेली. मी परत मोजलं, दुसऱ्या हंगामात मोजलं, माझंच काहीतरी चुकलं असेल म्हणून देवाला हात जोडून मोजलं. तेच.

कोर्सच्या शेवटच्या निबंधाची पद्धत बाईंनी नीट शिकवली होती. आधीच्या अभ्यासकानं काय म्हटलंय ते सांगा, मग ‘परंतु’ म्हणा, मग तुमचं सांगा. मी लिहायला बसले. सरांचं नाव आल्यावर त्यांना मान द्यायला नको का? आदरणीय लिहिलं. मग ज्येष्ठ. मग मराठवाड्याच्या भूगोलाला दिशा देणारे. मग त्यांचं बालपण, कष्टातून शिक्षण, विद्यार्थ्यांवरचं प्रेम, हे तर खरंच आहे, मला पीएचडीला घ्यायला कुणी तयार नव्हतं तेव्हा त्यांनीच घेतलं होतं. मग ग्रंथ, मग त्याचं मोल. ‘परंतु’ यायची वेळ झाली तेव्हा शब्दमर्यादा संपत आलेली. मग मी शेवटून दुसऱ्या ओळीत लिहिलं की काही ठिकाणी कदाचित किंचित वेगळं चित्र दिसू शकेल, आणि शेवटच्या ओळीत सरांना दीर्घायुष्य चिंतलं.

निबंध नापास होऊन आला. पुन्हा एकदा पाठवायची मुभा होती. बाईंनी यावेळी चेष्टा केली नव्हती. त्यांनी लिहिलं होतं, मी तीन वेळा वाचलं तरी तुम्हाला काय सापडलं ते मला कळलं नाही. तुम्हाला काही सापडलंय का?

मला रडू आलं. रागानं आलं. मला काय सापडलंय म्हणे! उन्हात कुसळं टोचून घेत गवत मोजलंय मी, आणि ही बाई मला विचारते. पण राग ओसरल्यावर कळत होतं की बाईंची काही चूक नाही. मीच ते इतकं लपवलं होतं की त्यांना दिसणार कसं.

मी माहेरी गेले. निमित्त गवत पुन्हा बघायचं, खरं तर तोंड लपवायचं. कळप धारूरच्या अलीकडं एका रानात बसला होता. आबांनी माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, “कावून गं माय, त्वांड असं का केलंयस?”

मी त्यांना सगळं सांगितलं. सरांच्या पुस्तकात मेंढरांनी गवत संपवलं असं आहे, माझं मोजमाप तसं म्हणत नाही, आणि हे लिहिलं तर सरांची सही मिळेल का नाही ते माहीत नाही, सही नाही तर नोकरीचं पण अवघड.

आबांना विचार करायला काही वेळ लागला नाही. “मग तू काई बोलू नगं,” ते म्हणाले. “येवढा मोठा माणूस हाय, त्यानं लिवलंय म्हणल्यावर ऱ्हाऊ दे. मेंढरांला काय वाचता येतंय का? खाल्लं म्हणावं आमीच गवत. तुझी नवकरी पक्की होऊ दे.”

आणि ते हसले. खरोखर हसले, मनापासून, कसला मोठा तोडगा काढला म्हणून. मला सरांचा कधी आला नाही इतका राग आबांचा आला. उभी हयात या माणसानं तीच बोलणी खाल्लीत. गावच्या बैठकीत डोंगर चराईला बंद करायचा विषय निघाला की सगळे यांच्याकडं बघतात आणि हे मान खाली घालतात. आणि आता माझ्या नोकरीसाठी न केलेला गुन्हा कबूल करायला एका पायावर तयार. मी म्हणाले, “आबा, तुम्ही गप्प बसा.” आयुष्यात मी त्यांना असं कधी बोलले नव्हते. ते उठले आणि कुत्र्याला भाकरी टाकायला लागले. मला लगेच वाईट वाटलं, पण मी शब्द मागं घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी नेकनूरला परतले आणि गच्चीवर टाकीजवळ बसून मी निबंध नव्यानं लिहिला. पहिल्या वाक्यात सरांचं नुसतं आडनाव, पुढं ना आदरणीय ना ज्येष्ठ. ते म्हणतात की मेंढरांनी हे गवत संपवलं. दुसऱ्या वाक्यात, माझ्या नोंदी हे खोटं ठरवतात. नुसतं आडनाव लिहिताना मी पदर अंगाभोवती घट्ट लपेटून बसले होते, तेवढ्यात सासूबाई वर आल्या आणि म्हणाल्या, “थंडी वाजून आली का? मी म्हणतच हुते, तुझं ते अजून अंगात हाय.” मी म्हणाले, “निघतंय, आत्या. आज निघतंय.”

बाईंनी तो पास केला. खाली एकच ओळ होती, आता मला दिसलं. मी ती नवऱ्याला वाचून दाखवली तर त्यांनी दुकानातल्या गिऱ्हाइकाला पेढा आणून दिला, पेढा कशाचा ते न सांगता.

निबंध मी सरांना मेलवर पाठवला आणि वाट बघत बसले. सरांचा फोन येईना. एरवी सर दुसऱ्या दिवशी फोन करतात, चूक एखादीच असली तरी करतात. माझी झोप उडाली. मनातल्या मनात मी माफीची भाषणं तयार करायला लागले, आणि सांगायला लाज वाटते, ती भाषणं फार छान जमत होती. शेवटी न राहवून मुदतवाढीचा अर्ज पिशवीत घातला आणि बीडला सरांच्या घरी गेले.

सर ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. मांडीवर माझ्या निबंधाची प्रिंट, समासात पेन्सिलीच्या खुणा. मला त्यांनी बस म्हटलं. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, पाणी घेऊन आल्या. मी पाणी पिऊन सुरुवात केली. “सर, आपल्या मोलाच्या मार्गदर्शनामुळं, आपल्या ग्रंथाच्या प्रकाशात आणि आपल्याच आशीर्वादानं…”

“थांब,” सर म्हणाले. “मराठीत तुला मला काही सांगता यायचं नाही. इंग्रजीत सांग.”

मी पिशवी खाली ठेवली. मग इंग्रजीत म्हणाले की तुमच्या निष्कर्षाला माझ्या नोंदी आधार देत नाहीत. एका दमात बाहेर पडलं. सरांनी इंग्रजीतच विचारलं, नोंदी कुठल्या हंगामातल्या? मी सांगितलं. पाऊस कमी झाला त्या वर्षी काय दिसलं? सांगितलं. कुंपणात बकरी शिरली नाही कशावरून? मला चीड आली, कारण ती शिरली होती आणि मी तो चौकोन काढून टाकला होता, आणि ते निबंधात लिहिलेलं होतं. मी म्हणाले, पान चार वाचा. सरांना मी वाचा म्हणाले. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या, त्यांना वाटलं भांडण लागलंय. चांगला तासभर हे चाललं. सर एकेक प्रश्न घालत होते आणि मी एकेक उत्तर देत होते, आणि त्या तासभरात त्यांनी मला एरवीसारखं एकदाही पोरी म्हटलं नाही.

मग त्यांनी हात पुढं केला. मी अर्ज दिला. सरांनी सही केली, तारीख घातली, कागद माझ्याकडं सरकवला. माझ्या छातीवरचा धोंडा उतरायला हवा होता, पण सरांचा चेहरा उतरलेला होता.

मी मराठीत विचारलं, “सर, राग आला का?”

“वाईट वाटलं,” सर म्हणाले. “खोटं कशाला बोलू. चूक निघाली की वाटतंच.” मग समोरच्या रस्त्याकडं बघत म्हणाले, “पण पुस्तक येऊन किती वर्षं झाली. गावोगाव सत्कार झाले. घरात शाली ठेवायला जागा नाही, काकूंना विचार. आणि त्या एका वाक्यावरून आजपर्यंत कुणी माझ्याशी वाद घातला नाही. मला वाटायचं, सगळ्यांना पटलंय.”

प्रिंटची पानं त्यांनी जुळवली आणि मांडीवर सारखी केली.

“कुणी वाचलंच नव्हतं गं.”

इतकी वर्षं मी लोकांना शोभेल असं बोलत आलेय. त्या क्षणी पण तसं एक वाक्य ओठावर आलं, ते मी गिळलं. मी म्हणाले, “मी वाचलं, सर.”

“हो,” सर म्हणाले. “तू वाचलंस.” आणि त्यांनी काकूंना चहा टाकायला सांगितलं.